व्हायोलिनचा पिकअप, व्हॉल्युम पेडल आणि अ‍ॅम्प: मधे काय लावायचं आणि कुठे

व्हायोलिनला पिकअप (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा) लावला, अ‍ॅम्प घेतला, आता मधे एक व्हॉल्युम पेडल, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करायचं पेडल, टाकलं की झालं, असं मला पण वाटलं होतं. पिकअपची वायर पेडलच्या इनपुटला, पेडलच्या आउटपुटमधून दुसरी वायर अ‍ॅम्पला, यात चुकायला आहे काय. रिहर्सलला वाजवलं तर खालच्या तारेचा जीवच गेलेला, बिस्किटाच्या डब्यात व्हायोलिन ठेवून वाजवल्यासारखा आवाज. पिकअपला शिव्या घातल्या, तारा बदलल्या, अ‍ॅम्पचा बास पूर्ण फिरवला तर आवाज भरायच्या ऐवजी नुसतं घूं घूं व्हायला लागलं. शेवटी आमच्या कीबोर्डवाल्याने पेडल काढून पिकअप सरळ अ‍ॅम्पला लावला आणि तार परत बोलायला लागली. पेडल खराब नव्हतं, त्याची जागा चुकली होती.

तर जागा का चुकते ते आधी सांगतो, थोडं गणित आहे पण सोपं आहे. व्हायोलिनच्या घोडीत किंवा घोडीला चिकटवून जे पिकअप बसतात ते बहुतेक पिएझो असतात, म्हणजे कंपनाचा दाब पडला की वीज तयार करणारे, फिशमनचा व्ही-२०० बघितला असेल, घोडीच्या बाजूच्या खाचेत बसतो तो, तो पण पिएझोच. अ‍ॅकॉस्टिक गिटारच्या सॅडलखाली असतो तो पण तसाच, मँडोलिनला चिकटवतात ती गोल चकती पण तीच. हे पिकअप म्हणजे विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर. त्याच्यापुढे जे काही लावाल त्याचा इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओममध्ये मोजतात) कमी असला की खर्जाचा आवाज आधी जातो. कुठल्या फ्रीक्वेन्सीच्या खाली जातो ते काढायला १५९ ला दोन आकड्यांच्या गुणाकाराने भागायचं, एक आकडा पुढच्या वस्तूचा इंपीडन्स मेगओममध्ये आणि दुसरा पिकअपचा कपॅसिटन्स नॅनोफॅरडमध्ये. पिकअप १ नॅनोफॅरडचा धरा. पेडल २५० के (किलोओम) चं आणि त्याच्यापुढे अ‍ॅम्पचा इनपुट १ मेगचा, दोन्ही समांतर येतात, म्हणून मिळून झाले २०० के म्हणजे ०.२ मेग. १५९ भागिले ०.२, जवळजवळ ८०० हर्ट्झ! व्हायोलिनची सगळ्यात खालची तार वेस्टर्न ट्यूनिंगला १९६ हर्ट्झला असते, आपण गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे थोडी वर-खाली करतो ते सोडा. म्हणजे खालच्या दोन तारांवर वाजवताय ते अर्धंअधिक पेडलमध्येच संपतंय. बास फिरवून ते परत येत नाही, फक्त घूं घूं येतं.

तेच पुढे १० मेगचा प्रीअ‍ॅम्प (सिग्नल सांभाळून पुढे पाठवणारा छोटा डबा) लावला तर १५९ भागिले १०, म्हणजे १६ हर्ट्झ. व्हायोलिनमध्ये तिथे काही नसतंच, सगळं शाबूत.

म्हणून क्रम असा: पिकअप, मग प्रीअ‍ॅम्प, मग पेडल, मग अ‍ॅम्प. पिकअप आणि पेडल यांची थेट गाठ घालायची नाही. एल आर बॅग्जचा पॅरा डीआय बरेच लोक वापरतात, त्याचा इनपुट १० मेगचाच आहे. एवढा खर्च नको असेल तर गिटारवाल्या मित्राकडे बॉसचा ट्यूनर पेडल असतो तो सुद्धा चालेल, त्यात बफर (पुढच्या वस्तूचं ओझं पिकअपवर येऊ न देणारं सर्किट) असतो आणि इनपुट १ मेगचा, म्हणजे कट १५९ हर्ट्झला, अगदी आदर्श नाही पण ८०० च्या मानाने स्वर्ग. आणि सोल्डरिंग येत असेल तर एक जेएफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), तीनचार रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्यात घरी बफर होतो, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सगळं सामान मिळतं. डबी मात्र धातूची घ्या, प्लॅस्टिकच्या डबीत रेडिओ स्टेशन ऐकू आलेली माणसं मला माहितीयेत.

आता पेडल कुठलं. दुकानात दोन जाती असतात, हाय इंपीडन्स आणि लो इंपीडन्स. अर्नी बॉलच्या पेडलवर २५० के आणि २५ के असं लिहिलेलं असतं, बॉसकडे एफव्ही-५०एच आणि एफव्ही-५०एल, यातला एच म्हणजे हाय आणि एल म्हणजे लो. २५० के किंवा एच हे इलेक्ट्रिक गिटारच्या साध्या पिकअपसाठी, आणि २५ के किंवा एल हे प्रीअ‍ॅम्पनंतर किंवा कीबोर्डला लावायला. आपल्याला प्रीअ‍ॅम्पनंतर लावायचंय तर लो वालंच घ्या. दुकानदार म्हणेल "सर सेमच आहे", सेम नाहीये. २५० के वालं अर्ध्यावर दाबून ठेवलं की त्याच्यातून निघणाऱ्या सिग्नलला ६० के च्या आसपास रेझिस्टन्स दिसतो आणि पुढची वायर ६ मीटरची असेल तर तिचा कपॅसिटन्स मिळून साधारण ४ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज खायला लागतो, म्हणजे बो चा तो रेशमी खरखरीतपणा गेला. २५ के वाल्याला ही भानगड होत नाही. अर्थात २५० के वालं आधीच घरात पडलं असेल तर टाकून देऊ नका, प्रीअ‍ॅम्पनंतर लावा आणि पेडल ते अ‍ॅम्प वायर दोन-तीन मीटरचीच ठेवा, चालून जातं. एफव्ही-५०एल स्टिरिओ आहे, दोन इनपुट दोन आउटपुट, आपण फक्त पहिली जोडी वापरायची.

अजून एक, कीबोर्डवाल्याचं एक्स्प्रेशन पेडल मागून घेऊ नका. दिसायला तसंच असतं पण त्यातून आवाज जात नाही, ते फक्त कीबोर्डला सांगतं की पाय कुठे आहे, त्याला इनपुट-आउटपुट असे दोन जॅक नसतातच, एकच वायर बाहेर आलेली असते. यात माझा एक रविवार गेलाय.

वायरी. पिकअप ते प्रीअ‍ॅम्प ही वायर जितकी आखूड तितकी बरी, पिएझोला लांब वायर लावली की सगळाच आवाज थोडा थोडा उतरतो. प्रीअ‍ॅम्प पट्ट्यावर किंवा खुर्चीला अडकवा, पुढच्या वायरी मग लांब चालतात. सगळ्या शिल्डेड इन्स्ट्रुमेंट केबल, दोन्हीकडे पी-३८ मोनो पिन (गिटारला लावतात ती जाड पिन). स्पीकरची वायर दिसायला तशीच असते पण तिला शिल्ड नसतं, ती लावली की २३० व्होल्टची ५० हर्ट्झवाली घरघर फुकट मिळते. आणि पेडल कधीही अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटला लावायचं नाही, आतला पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) जळेल आणि अ‍ॅम्पचंही काही सांगता येत नाही.

जोडताना अ‍ॅम्प बंद किंवा व्हॉल्युम शून्य. पिकअपची पिन प्रीअ‍ॅम्पला, प्रीअ‍ॅम्पच्या आउटमधून पेडलच्या इनला, पेडलच्या आउटमधून अ‍ॅम्पला, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅम्प चालू. बंद करताना आधी अ‍ॅम्प. पेडलच्या इन आणि आउटची अदलाबदल झाली तरी आवाज येतो बरं का, म्हणून लक्षात येत नाही, फक्त पाय उचलत आणलात की काहीच होत नाही आणि शेवटच्या अर्ध्या इंचात आवाज धपकन पडतो. असं झालं तर पेडल बिघडलं म्हणायच्या आधी पिना बघा.

अ‍ॅम्पला मागे इफेक्ट लूप (सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक) असेल तर तिथेही पेडल लावता येतं, सेंडमधून पेडलच्या इनला आणि पेडलच्या आउटमधून रिटर्नला, पिकअप मग सरळ अ‍ॅम्पच्या इनपुटला, फक्त तो इनपुट पिएझोसाठी असला पाहिजे. टाच खाली दाबून बघा, आवाज पूर्ण बंद झाला तर ठीक, नुसता कमी होऊन वाजत राहिला तर तो लूप पॅरलल आहे, म्हणजे मूळ आवाज बाजूनेही जातोय, तिथे पेडलचा उपयोग नाही.

आता खरी मेख, जी कार्यक्रमात कळते. प्रीअ‍ॅम्पला डीआय आउट (मिक्सरला थेट लाईन द्यायचा आउटपुट) असतो आणि साऊंडवाला येऊन त्यातूनच लाईन घेऊन जातो. झालं, तुम्ही पेडल दाबताय, स्टेजवरचा तुमचा अ‍ॅम्प मोठा-लहान होतोय, आणि हॉलमध्ये व्हायोलिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आवाजात, कारण मिक्सरला जाणारी लाईन पेडलच्या आधीच निघाली. मध्यंतरात कोणीतरी येऊन सांगतं की गाण्याच्या ओळीवर व्हायोलिन फार वर येत होतं. त्यामुळे साऊंडवाल्याला आधीच सांगायचं की लाईन अ‍ॅम्पच्या मागच्या लाईन आउटमधून घ्या, किंवा पेडलनंतर वेगळा डीआय बॉक्स लावा. काही प्रीअ‍ॅम्पला इन्सर्टचा जॅक असतो, तिथे वाय केबलने (एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला दोन) पेडल लावलं तर प्रीअ‍ॅम्पच्या आतच पेडल येतं आणि डीआयवर पण परिणाम दिसतो. साउंड चेकला स्वतः पेडल पूर्ण बंद करून वाजवा आणि साऊंडवाल्याला विचारा मीटर हलतोय का. हा अर्ध्या मिनिटाचा चेक कधीच सोडू नका.

घरघर आली तर थ्री-पिनची अर्थची पिन काढायची आयडिया कोणी दिली तर हात जोडून नाही म्हणा, गणपतीच्या मांडवात तर नक्कीच, तिथे अर्थिंग आधीच रामभरोसे असतं. डीआयला ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबून बघा, अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवरून चालवा, बहुतेक वेळा तेवढ्यात जातं.

सेटिंग करताना पेडल पुढे पूर्ण दाबून करायचं. मग अ‍ॅम्पचा आवाज वाढवत जायचं, शिट्टी मारायला लागला की तिथून थोडं मागे. म्हणजे कार्यक्रमात जोशात पाय पूर्ण गेला तरी शिट्टी मारणार नाही. नंतर पाय मागे घेत साधारण सत्तर टक्क्यांवर आणा, गायकाच्या मागे भरणा करताना इथे, इंटरल्यूडला पूर्ण पुढे. ही सत्तरची जागा मी पेडलच्या कडेला बायकोच्या नेलपेंटने खूण करून ठेवलीय, लाल ठिपका, अंधारातही दिसतो. बॉसच्या एफव्ही-५० ला मिनिमम व्हॉल्युमचा छोटा नॉब आहे, तो शून्यावर ठेवा, कारण पेडलचा माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा आवाज वाढवणं नाहीच, गप्प बसणं आहे. पिएझोला सगळं ऐकू येतं, खुंटी फिरवली, बो मांडीवर ठेवला, हनुवटी घासली, सगळं हॉलमध्ये. टाच दाबली की मागे कोणाला काही कळत नाही, पेडलला ट्यूनरसाठी वेगळा आउट असेल तर त्या शांततेत तार पण मिळवून होते.

बैठकीत मांडी घालून वाजवणाऱ्यांनी मात्र हा नाद सोडावा. तिथे व्हायोलिनचं टोकच पायावर टेकलेलं असतं, पेडल काय डोक्याने दाबणार. हे सगळं खुर्चीवर बसून वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांसाठी आहे. सुगम संगीतात आवाजाची चढ-उतार शक्यतो बो नेच करायची, प्रभाकर जोगांचं व्हायोलिन ऐका, पेडल हे फक्त समतोलासाठी.

आणि कुठला पाय ते आधी ठरवा. माझा उजवा पाय तालाचा, लहानपणापासून, थांबवता येत नाही. पहिल्या कार्यक्रमात पेडल उजव्या पायाखाली होतं आणि अख्ख्या गाण्यात व्हायोलिन केरव्याच्या ठेक्यावर लहान-मोठं होत होतं, तबलजी माझ्याकडे बघून हसतोय आणि मला वाटतंय काय छान चाललंय. तेव्हापासून पेडल डाव्या पायाखाली, खाली रबराच्या मॅटचा तुकडा, नाहीतर सतरंजीवरून सरकत सरकत तबल्यापर्यंत जातं.

देखभाल फार नाही. पेडल हलवताना खरखर आली की आतल्या पॉटवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीसेक वेळा पुढे-मागे. काही पेडलमध्ये आत पॉट फिरवायला दोरी असते, माझी एकदा भर कार्यक्रमात तुटली आणि आवाज जिथे होता तिथेच अडकला, नशीब तो सत्तरवर होता. तेव्हापासून एक जादा वायर पिशवीत असते, पेडल गेलं तर प्रीअ‍ॅम्पमधून सरळ अ‍ॅम्पला. आणि घरी जाताना प्रीअ‍ॅम्पमधली पिन काढून ठेवा, पिन आत असली की बऱ्याच प्रीअ‍ॅम्पची बॅटरी रात्रभर चालू राहते आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या गावात रविवारी ९ व्होल्टचा सेल शोधत फिरावं लागतं.