जीन्स आटू नये म्हणून: धुण्यापासून वाळवण्यापर्यंत

नवी जीन्स लांब वाटली म्हणून त्याच संध्याकाळी शिंप्याकडून दोन इंच कमी करून घ्यायची आणि दुसऱ्या धुण्यानंतर ती घोट्याच्या वर आली की कापडाला नावं ठेवायची, हे बऱ्याच घरांत होतं. जीन्सला जे आटायचं असतं, त्यातलं बहुतेक पहिल्या दोन-तीन धुण्यांतच आटून जातं. म्हणून आधी दोनदा धुवा, मग शिंपी गाठा. पहिल्या धुण्याआधी आतल्या शिवणीची लांबी टेपने मोजून लिहून ठेवा. ३० इंचांच्या शिवणीत ३ टक्के आटणं म्हणजे जवळपास एक इंच गेला.

आटण्याचं कारण विट्याच्या यंत्रमागवाल्यांना वेगळं सांगायला नको. विणताना आणि नंतरच्या प्रक्रियेत कापड ताणलेलं असतं, उभ्या धाग्यांवर ताण जास्त. पाणी, उष्णता आणि घुसळण मिळाली की हा ताण सुटतो आणि धागे आखडतात. म्हणून जीन्स रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते. १९३० च्या सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड कारखान्यातच आधी आटवून घ्यायची पद्धत काढली. त्यांच्या नावावरून अशा कापडाला सॅनफोराइज्ड म्हणतात, आणि दुकानातल्या बहुतेक जीन्स आज अशाच असतात. ही प्रक्रिया न केलेलं कच्चं डेनिम (जीन्सचं कापड) मात्र ७ ते १० टक्क्यांपर्यंत आटू शकतं. ते घेताना माप तेवढं वाढवून घ्यावं लागतं.

आता धुणं. आधी आतलं लेबल वाचा. टबाच्या चित्रात ३० असेल तर पाणी ३० अंशांच्या वर नको. चौकोनातल्या गोलावर फुली असेल तर गरम हवेच्या ड्रायरला मनाई. इथे एक घोळ होतो. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या पिळणाऱ्या टबालाच ‘ड्रायर’ म्हणतात. तो नुसता गरगर फिरवून पाणी काढतो, तापवत नाही. त्याने जीन्स आटत नाही. आटवतो तो गरम हवेत कपडे उलटेपालटे करणारा ड्रायर, आणि तो आता काही लाँड्रीतही असतो. कपडे बाहेर देत असाल तर ‘गरम हवेत वाळवू नका’ असं स्पष्ट सांगा.

पाणी नळाचंच, साधं. पण एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चांगलंच तापलेलं असतं, ते साधं राहत नाही. जत, आटपाडीकडे तर जीन्स सकाळी लवकरच धुवावी. अंघोळीनंतर बंबात उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यात जीन्स भिजवणं हीसुद्धा मोडायची सवय.

खिसे रिकामे करा, चेन आणि बटण लावा, जीन्स उलटी करा. बादलीत १५ ते २० मिनिटं भिजवली तरी पुरे. रात्रभर ठेवली तर रंगच जास्त सुटतो. नवी जीन्स पहिली दोन-तीन धुणी वेगळी ठेवा. मीठ घातल्याने रंग पक्का होतो हा समज खोटा आहे. डेनिमचा निळा रंग, इंडिगो, धाग्याच्या वरच्या थरातच बसलेला असतो आणि घासल्याने उडतो. धोपटण्याने बडवणं किंवा ताठ ब्रशने खसाखसा घासणं यामुळेच मांड्यांवर पांढरे पट्टे येतात. ब्रश मऊ हवा, तोही फक्त तळाच्या पट्टीला.

मशीन ७ किलोचं असेल तर एका वेळी तीन जीन्स बास. जेंटल प्रोग्रॅम लावा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पाच-सहा मिनिटं खूप झाली. बोअरचं पाणी जड असेल तर पावडर नीट विरघळत नाही आणि गडद जीन्सवर पांढरे डाग राहतात. पावडर आधी मगभर पाण्यात विरघळवून घ्या किंवा लिक्विड वापरा, आणि खळबळ एक वेळ जास्त करा.

काळ्या रानातला चिखल ओला असताना घासू नका. पूर्ण वाळू द्या, झाडून काढा, मग धुवा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, सांगलीत कोणी त्याला घाबरत नाही. धुऊन तेवढाच भाग उन्हाकडे ठेवला की तो फिका पडतो.

खरं काम वाळत घालताना आहे. जीन्स दोघांनी धरून पिळू नका. कंबर आणि तळ धरून दोन-तीनदा जोरात झटका. मग ओली असतानाच दोन्ही पाय शिवणीच्या रेषेत लांबीकडे हाताने ओढा. पूर्ण सुती जीन्स तळाकडून चिमटे लावून उलटी टांगली तर खिसे, चेन आणि पट्ट्याचं वजन पाय खाली ओढतं आणि लांबी टिकते. पण पाणी जाड कंबरेत उतरतं आणि ती लवकर वाळत नाही. म्हणून महाबळेश्वर, पाटणच्या पावसाळ्यात कंबर वर ठेवा, खिसे बाहेर काढा, ‘ड्रायर’ दोनदा फिरवा आणि पंख्याखाली टांगा. इलास्टेन असलेली, म्हणजे दुकानदार जिला स्ट्रेच म्हणतात ती, तारेवर दुमडून टाका. आत-बाहेर केलेलीच, सावलीत आणि वाऱ्यावर. घाईने चुलीजवळ किंवा कडक इस्त्रीने वाळवू नका. इलास्टेन उष्णतेने मरतं आणि गुडघे लोंबतात.

धुतल्यावर कंबर घट्ट वाटली म्हणजे जीन्स आटलीच असं नाही. तासभर घातल्यावर सैल झाली तर काही झालेलं नाही. तरीही खरंच आखूड झाली असेल तर १० लिटर कोमट पाण्यात दोन चमचे केसांचं कंडिशनर घालून अर्धा तास भिजवा, पाणी दाबून काढा, टॉवेलवर सपाट पसरून पाय दर दोन मिनिटांनी ओढत राहा आणि टांगताना तळाला चिमट्यांचं वजन द्या. एखाद-दोन सेंटिमीटर परत मिळू शकतात, आणि पुढच्या धुण्याला हाच ओढण्याचा उद्योग पुन्हा करावा लागतो.