तोंडात बसलेली शिवी कशी सोडवायची

शिवी दर वेळी रागातूनच येते असं नाही. ठेच लागली, रिक्षा आडवी आली की आपोआप निसटते. ब्रिटनमधल्या कील विद्यापीठाच्या 2009 च्या प्रयोगात बर्फगार पाण्यात हात बुडवलेल्यांनी शिवी घालताना कळ जास्त वेळ सोसली. म्हणून नुसतं गप्प बसणं जमत नाही, तोंडाला दुसरा शब्द द्यावा लागतो. ‘आयला’ नको, ती अर्धी शिवीच, उरलेली मागोमाग येते. दणकेबाज जोडाक्षराचा घ्या: ‘हात्तिच्या’, ‘धत्तेरे की’.

आधी आठवडाभर शिवी कुठे निसटते ते टिपा. मग एकच जागा धरा, समजा दुचाकी चालवताना. सगळीकडे एकदम सुरू केलं की दोन दिवसांत सुटतं. निसटलीच तर लगेच नवा शब्द मोठ्याने म्हणा. कट्ट्यावरची शेवटी सोडा, तिथे ती जवळीक दाखवते. आईबहिणीवरची मात्र पहिल्या दिवसापासून बंद.