मित्रांसोबत वाइनची तुलना करताय? या चुका टाळा

निवांत सुट्टीत चार प्रदेशांच्या चार बाटल्या उघडल्या जातात आणि शेवटी ‘ही आवडली, ती नाही’ एवढंच हाती लागतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: द्राक्षाची जात, पिकाचं साल, तापमान, ग्लास सगळंच एकदम बदललेलं. मग फरक प्रदेशाचा की आणखी कशाचा, हे कळणार कसं?

द्राक्ष वेगवेगळं घेणं

तुलना प्रदेशांची असेल तर द्राक्षाची जात एकच हवी. पांढऱ्या वाइनच्या सोव्हिन्यों ब्लांक द्राक्षापासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली पांढरी सांसेर आणि न्यूझीलंडची मार्लबरो शेजारी ठेवा. पहिलीत लिंबू आणि ओल्या दगडाचा गंध, दुसरीत पॅशनफ्रूट आणि ताजं कापलेलं गवत. लाल हवी तर फ्रान्सच्याच उत्तर ऱ्होनची सिरा आणि ऑस्ट्रेलियातल्या बरोसाची शिराझ घ्या. नावं दोन, द्राक्ष तेच.

शार्डने या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षात मात्र फसायला होतं. मुळात फ्रान्सची शाब्ली शार्डनेचीच, पण तिच्या लेबलवर द्राक्षाचं नाव बहुधा नसतंच. शिवाय ती बरेचदा ओक लाकडाच्या पिंपाशिवाय बनते, तर कॅलिफोर्नियाची शार्डने अनेकदा ओकच्या पिंपात मुरते. व्हॅनिलाचा वास पिंपाचा, लोण्याचा वास आंबटपणा मवाळ करणाऱ्या जिवाणूंच्या प्रक्रियेचा. दोन्हींचं श्रेय मातीला देऊ नका. ओक न वापरलेली बाटली शोधा.

लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं उतरल्याचं साल, आणि ते बघतानाही एक मेख आहे. दक्षिण गोलार्धात द्राक्षं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतात, उत्तरेत ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे लेबलवर साल तेच असलं तरी दक्षिणेची वाइन जवळपास सहा महिन्यांनी मोठी असते.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ ठेवणं

हा सल्ला थंड घरांसाठीचा. 28-30 अंशांवर अल्कोहोल नाकात झोंबतं आणि फळांचा गंध दबतो. लाल 15 ते 18 अंशांवर, पांढरी 8 ते 12 अंशांवर द्या. बादलीत नुसता बर्फ टाकू नका, त्याच्या फटीत हवा राहते. अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घाला. पांढरीला साधारण 20 मिनिटं, लालला 8-10 मिनिटं पुरतात. जोडीतल्या दोन्ही बाटल्या एकदमच बुडवा. जास्त गार झालीच तर ग्लास तळहातांत धरा.

एकाच ग्लासात एकेक ओतणं

अशाने तुलना आठवणीशी होते. प्रत्येकाला एकाच आकाराचे दोन ग्लास द्या आणि पहिली, दुसरी, पुन्हा पहिली असं चाखा. 50 मिलीच्या मापाने 750 मिलीच्या बाटलीतून 15 जणांचं भागतं. एका बैठकीत चार वाइन पुष्कळ झाल्या. पुढे तुरटपणाने जीभ थकते. थुंकायला पेला ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चाखून होईपर्यंत सोबत फक्त बिनमिठाचा पाव: चीज तुरटपणा झाकतं, तिखटाने अल्कोहोल जास्त जाळतं.

लेबल दिसू देणं

नाव दिसलं की मत आधीच ठरतं. 1976 मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता चाखलं, तेव्हा पांढऱ्या आणि लाल दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. बाटलीवर कागदी पिशवी चढवा, गळ्याचं वेष्टन काढा. फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातल्या बाटलीचे उंच खांदे आणि बर्गंडीच्या बाटलीचे उतरते खांदे पिशवीतूनही ओळखू येतात, म्हणून ओतणारा वेगळाच असू द्या.

बसायची जागा शेकोटी, डासांची अगरबत्ती आणि अत्तर यांपासून दूर हवी.

वास विचित्र येतोय?

विझलेल्या काडीसारखा वास असेल तर वाइन जगमध्ये ओता, 10-15 मिनिटांत बरेचदा तो उडतो. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट वास मात्र बुचातून आलेला दोष. तो हवेने जात नाही, उलट वाढतो. ती बाटली तुलनेतून बाद करा. बुचाच्या बाटल्या असतील तर प्रत्येक जोडीमागे एक जादा बाटली जवळ असू द्या.