कंदील घडीकडून कापा, आणि सणांच्या कागदकामातल्या आणखी काही चुका

दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा होता. बावीस मुलं, बावीस कंदील, आणि पंधरा मिनिटांत माझ्यासमोर कागदाच्या पट्ट्यांचा ढीग. घडी घातलेल्या कागदाला निम्म्या मुलांनी उघड्या कडेकडून काप दिले, त्यांची झाली झालर. बाकीच्यांनी सुरुवात घडीकडून केली खरी, पण कात्री पार पलीकडे नेली. "ताई, माझा कंदील सुटला!" गुजराती मुलं मला बेन म्हणतात, मराठी ताई, त्या दिवशी दोन्ही हाका एकदम येत होत्या. बडोद्याच्या दांडिया बाजारात बालवर्ग घ्यायला लागून मला तेव्हा तिसरंच वर्ष होतं. चार वर्षांच्या डोळ्याला घडीची कड आणि उघडी कड सारखीच दिसते, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता मी ए-फोर कागद आडवा धरून त्याची लांब कड लांब कडेला मिळवते. उघड्या कडेपासून दोन बोटं आत जाड स्केचपेनची रेघ मारते आणि रेघेच्या पलीकडे कपड्यांचे तीन-चार चिमटे लावते. चिमटे असतात तिकडे कात्री जात नाही, "इथे थांब" असं ओरडावंही लागत नाही. दोन काप जवळजवळ नकोत, त्यांच्यात दोन बोटांचं अंतर ठेवा, नाहीतर पट्ट्या तुटतात. कापून झाल्यावर कागद उघडायचा आणि आखूड कडा एकमेकींवर चिकटवायच्या.

कंदील टांगल्यावर बसकत असेल तर कागद बदला. झेरॉक्सचा कागद 70-80 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) असतो, त्याला स्वतःचा भार पेलवत नाही. जाड कार्डशीट मुलांच्या कात्रीला कापवत नाही. चित्रकलेच्या वहीचा, 120 जीएसएमच्या आसपासचा कागद मधला आणि बरा.

आणि आत पणती नाहीच, मोठ्यांच्या देखरेखीखालीही नाही. बॅटरीच्या दिव्यांबद्दल मात्र पालक फारच निर्धास्त असतात. त्या छोट्या मेणबत्त्यांत चपटा बटण सेल असतो. मुलाने तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांत गंभीर भाजू शकते. झाकणाला स्क्रू असलेलाच दिवा घ्या. नुसतं नखाने उघडणारं झाकण असेल तर दिवा दुकानातच राहू द्या. सेल गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

गणपतीत डिंक का वाळत नाही

भाद्रपदात बडोद्याच्या हवेत दमटपणा असतो. जो फेविकॉल जानेवारीत बघता बघता वाळतो, तोच गणपतीच्या दिवसांत तासभर ओला राहतो. मग सोंड घसरते, मोदक पोटावर येतो, आणि मूल तो परत जागेवर ठेवताना चार ठिकाणी बोटं चिकटवतं. आपण म्हणतो, "अजून थोडा डिंक लाव." हीच खरी चूक. जास्त डिंक म्हणजे जास्त पाणी. पाणी शोषलं की कागदाचे तंतू फुगतात, कागद एका बाजूने ओला झाल्यामुळे वाळताना वळतो.

बाटली मुलांच्या हाती देऊ नका. दाबायची मजा इतकी असते की गणपती बाजूलाच राहतो. बाटलीच्या झाकणात थोडा फेविकॉल काढून द्या आणि तुरीच्या दाण्याएवढा घ्यायला सांगा. तो छोट्या तुकड्याला लावायचा नाही, खालच्या कागदावर लावायचा. तुकड्याला लावला की तुकडा बोटालाच चिकटतो. त्यातूनही काम वळलंच तर अर्धवट वाळल्यावर दोन वर्तमानपत्रांमध्ये घालून वर जाडजूड पुस्तकं ठेवा. सकाळी सपाट झालेलं असतं.

घरची खळ उत्तम: एक वाटी मैदा, चार-पाच वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता चकाकी येईपर्यंत शिजवायची. एका आजींनी एकदा हौसेने डबाभर पाठवली होती, किंचित निळसर. टिकावी म्हणून मोरचूद घातला होता. त्यांच्या माहेरी वह्या बांधायची खळ अशीच करत. मोरचूद विषारी आहे आणि या वयाची मुलं बोटं चाटतातच, त्यामुळे तो डबा मी गुपचूप बाजूला ठेवला. आजींना नंतर सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी खळही पाठवली नाही. बिनामोरचुदाची खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, आंबूस वास आला की टाकायची.

पट्ट्या सरळ फाटत नाहीत

तीन वर्षांच्या मुलाला कात्रीने कागदाच्या काठाला नुसते काप देता येतात. सरळ रेघेवरून कापणं साधारण चौथ्या वर्षी जमतं, गोल त्याच्याही नंतर. म्हणून लहान गटाला मी फाडकाम देते. तिथेही एक गोम आहे. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेला लागतात, त्या दिशेने तो सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी फाडून बघा, लगेच कळेल. रंगीत कागद मुलांना देण्याआधी कोपरा फाडून दिशा बघून ठेवा.

डावखुऱ्या मुलाच्या हाती नेहमीची कात्री दिली की पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात, कागद कापला न जाता दुमडतो, शिवाय रेघ पात्याआड जाते. याला "हात जड आहे" म्हणू नका. डावखुऱ्यांची कात्री मिळते, ती आणा.

उत्तरायण आणि नवरात्र

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगाचा चौकोन पट्टीने आखत बसू नका. ए-फोर कागदाची आखूड कड तिरपी दुमडून लांब कडेला मिळवा, उरलेली पट्टी कापा. चौकोन 21 सेंटिमीटरचा होतो आणि 8.7 सेंटिमीटर रुंदीची उरलेली पट्टी शेपटीला पुरते. गेंडीगेटवरून आणलेला पतंगाचा कागद सुंदर दिसतो, पण फेविकॉल लागला की विरघळल्यासारखा फाटतो. त्याला डिंकाची कांडीच लावायची. कमानीसाठी खराट्याच्या काड्या देऊ नका, टोकं डोळ्याशी येतात. कागदाची घट्ट गुंडाळी चालते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे उरलेल्या मांज्याने पतंग भिंतीवर टांगणं. मांज्याला काचेचा मुलामा असतो, मुलांची बोटं कापतात. लोकरीचा धागा घ्या, वीतभरच, गळ्याभोवती जाणार नाही एवढा. आणि हा पतंग उडणार नाही, हे आधीच सांगून टाका. 14 जानेवारीला सगळं गाव गच्चीवर असतं, आणि आपला एकट्याचाच का पडतो म्हणून पोर रडतं.

नवरात्रात गरब्याचा घट, म्हणजे आत दिवा ठेवायचं भोकांचं मडकं, कागदाचा करायचा तर भोकं पाडण्याचा प्रश्न येतो. पंचिंग मशीन दाबायला या वयात जोर नसतो आणि ते काठापासून फार आत पोचतही नाही. तपकिरी कागदाच्या घटाला दोन-तीन घड्या घालून द्या, मुलांनी घडीवर छोटे त्रिकोण कापायचे. उघडून मागे पिवळा पतंगाचा कागद लावायचा आणि खिडकीत टांगायचा. उन्हात घट उजळतो.

टिकल्या, मणी, चमकी तीन वर्षांखालच्यांना नकोत. नाताळच्या चांदणीला स्टेपलरच्या पिना नकोत.

पालक घ्यायला येण्याआधी बाईंनी सगळ्यांचं काम गुपचूप "नीट" करून ठेवायचं, ही रीत मला पटत नाही. मीही केलंय. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1920 च्या दशकात भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात होत्या. मुलाच्या हाताला काम करू द्या, हे तिथून आपल्याकडे आलं आणि प्रदर्शनाच्या दिवशी नेमकं विसरलं जातं. मुलाला कळतं की ही सोंड आपली नाही. एकाने मला विचारलंही होतं, "हा कोणाचा गणपती?"

शेवटचा प्रश्न आजी-आजोबांचा असतो: कागदाचा गणपती कचऱ्यात कसा टाकायचा? टाकू नका. साधा कागद बादलीत फाडून भिजवा, दोन दिवसांत लगदा होतो, तो कुंडीतल्या मातीत जिरतो. चकाकीचा आणि प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद मात्र तसाच तरंगत राहतो, तो आधी सोलून घ्या.