“फक्त या महिन्यापुरतं”: धंद्यात निर्णय घेताना या चुका टाळा

चुकीचा निर्णय घेताना सहसा कोणालाच तो चुकीचा वाटत नाही, तो “या महिन्यापुरतं अ‍ॅडजस्ट करू” असा वाटतो. म्हणून कंपन्यांतल्या एथिक्सच्या ट्रेनिंगचा फार उपयोग होत नाही, तिथे चोर कोण आणि साव कोण हे आधीच ठरलेलं असतं. आपल्या ऑफिसात मात्र 28 तारीख असते, पगार करायचे असतात, आणि एखादा चांगला, भरवशाचा माणूसच हळूच एक छोटीशी आयडिया सुचवत असतो.

आकडा थोडासा ओढून घेणं

ही सगळ्यात महागडी चूक. सत्यम ही हैदराबादची आयटी कंपनी आठवतेय ना? 7 जानेवारी 2009 ला तिचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंनी बोर्डाला पत्र लिहून सांगितलं की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोख आणि बँक शिल्लक मुळात नाहीच. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत ऑपरेटिंग नफा दाखवला होता 649 कोटी, खरा होता 61 कोटी. सगळ्यांना आकडेच लक्षात राहिले, पण माझ्या मते त्या पत्रातली मोलाची गोष्ट दुसरीच आहे: सुरुवात किरकोळ तफावतीने झाली, वर्षागणिक ती वाढत गेली आणि शेवटी वाघावर बसल्यासारखं झालं, उतरलं तर तोच खाणार. आता हे असं का होतं बघा, एका तिमाहीत नफा जास्त दाखवला की तो पैसा कुठेतरी दिसायला हवा म्हणून बँक बॅलन्स खोटा लिहावा लागतो, आणि पुढच्या तिमाहीत लोकांची अपेक्षा त्या खोट्या आकड्याच्याही वर असते, म्हणजे खोटं आहे तेवढंच ठेवून भागत नाही, दर वेळी वाढवावंच लागतं.

आपण म्हणतो ती मोठी कंपनी, आपला काय संबंध. पण एमआयडीसीतल्या शेडमध्ये हेच लहान साइजमध्ये चालतं. सीसी लिमिटसाठी, म्हणजे स्टॉक आणि येण्यांच्या तारणावर मिळणाऱ्या कॅश क्रेडिट कर्जासाठी, बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं असतं, त्यात दोन वर्षं पडून असलेला डेड स्टॉक पूर्ण भावाने धरायचा, कधीच न येणारी येणी चालू दाखवायची, की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्यात उचलता येणारी रक्कम, वाढते आणि महिना निघतो. किंवा मार्चएंडला ओळखीच्या पार्टीच्या नावाने बिल फाडायचं आणि एप्रिलमध्ये क्रेडिट नोट देऊन ती विक्री रद्द करायची. दोन्हीत पुढच्या महिन्याची सुरुवातच खड्ड्यातून होते, शिवाय अकाउंटंटला सगळं माहीत असतं, त्यामुळे उद्या त्याला कशावरून बोलायची सोय राहत नाही.

टार्गेट द्यायचं आणि “कसं जमवलं” हे विचारायचंच नाही

अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ प्रॉडक्ट विका असा धोशा होता. शाखेतल्या लोकांनी मग ग्राहकांना न विचारताच खाती उघडली, सप्टेंबर 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला आणि त्याआधीच्या काही वर्षांत मिळून सुमारे 5,300 कर्मचारी काढले होते असं बाहेर आलं. काढलेली बहुतेक माणसं खालच्या फळीतली. एवढ्या लोकांना काढावं लागतं तेव्हा बिघाड माणसांत कमी आणि टार्गेटमध्ये जास्त असतो, हे वर बसलेल्यांना दिसू नये याचं नवल वाटतं! तुमच्याकडे एखादा सेल्समन अचानक फार भारी आकडे आणायला लागला तर आधी बोनस नको, आधी त्याच्या चार ग्राहकांना स्वतः फोन करा, आणि रिटर्न किती येतायत ते बघा.

दुसऱ्याच्या पैशावर धंदा चालवणं

यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही कारण सगळेच करतात. जॉबवर्कवाल्याचं पेमेंट “पुढच्या आठवड्यात सोडतो” म्हणत तीन महिने लांबवायचं, याला आपण चक्क कॅश फ्लो मॅनेजमेंट म्हणतो. एमएसएमई कायदा 2006 पासून आहे, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. समोरचा ऑर्डर जाईल या भीतीने मागत नाही ही गोष्ट वेगळी. 2023 च्या बजेटमधून आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आलं आणि मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येईना, तेव्हा कुठे लोकांना पुरवठादाराचं उद्यम सर्टिफिकेट (एमएसएमई म्हणून नोंदणीचा दाखला) मागायची आठवण झाली.

याहून वाईट म्हणजे कामगाराच्या पगारातून पीएफ कापायचा आणि भरायचा नाही. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. कापलेला पैसा तुमचा नाहीच, त्यामुळे “सध्या जरा टाइट आहे” हे कारण इथे लागूच होत नाही.

नाही म्हणणाऱ्याकडूनच पुरावा मागणं

27 जानेवारी 1986 च्या रात्री नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाआधी फोनवर मीटिंग झाली. रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीचे इंजिनियर सांगत होते की एवढ्या थंडीत रबराच्या ओ-रिंग, म्हणजे रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या कड्या, नीट काम करतील याची खात्री नाही, उडवू नका. त्यांच्या वरच्या साहेबाला सांगण्यात आलं की इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. दुसऱ्या दिवशी 73 सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. त्या मीटिंगमध्ये प्रश्नच उलटा फिरला होता, सुरक्षित आहे हे सिद्ध करा असं म्हणायच्या ऐवजी धोका आहे हे सिद्ध करा. आपल्याकडे क्वालिटीवाला माल अडवतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. उपाय साधा आहे, त्याचा रिपोर्टिंग बॉस प्रॉडक्शन हेड नसावा आणि माल सोडायचाच असेल तर सोडणाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यावं. सही म्हटलं की बरेच जण आपोआप गप्प होतात.

चहापाण्याबद्दल थोडक्यात: 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावं लागतं, आणि महाराष्ट्रात एसीबीचा (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा) नंबर 1064. एजंटमार्फत देऊन “कन्सल्टन्सी चार्जेस”मध्ये टाकलं म्हणून सुटका होत नाही.

आधीच अडकलोय, आता काय?

आधी नवीन खोटी एंट्री थांबवा, याच महिन्यापासून, मार्चएंडची वाट बघू नका. मग एका कागदावर खरे आकडे काढा, कुणाचे किती आणि कधीपासून, आणि तो कागद पार्टनर आणि सीए या दोघांनाही दाखवा, एकालाच नको. पैसे द्यायचा क्रम पीएफ पहिला, मग लहान पुरवठादार, त्यांना तारीख लेखी द्या आणि जमेल तीच द्या. जीएसटी कमी भरला असेल तर नोटीस यायच्या आधी स्वतःहून डीआरसी-03 या फॉर्मने कर आणि व्याज भरा, दंड लागत नाही किंवा बराच कमी लागतो. स्टॉक स्टेटमेंट फुगलेलं असेल तर ते सगळ्यात अवघड, पण बँकेत स्वतः जाऊन खरं स्टेटमेंट द्या आणि खऱ्या स्टॉकच्या हिशोबापेक्षा जेवढं जास्त उचललंय तेवढ्याचं टर्म लोन करून हप्ते पाडून मिळतात का विचारा. बँक हो म्हणेलच असं नाही, पण ही बोलणी खातं थकून 90 दिवस उलटायच्या आणि ते एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत, जायच्या आधी करायची, नंतर ब्रँच मॅनेजरच्या हातात फारसं काही उरत नाही.