वासोट्याच्या जंगलासाठी झाडं करताय? आधी चहाचा चोथा धुवा

दिवाळीच्या किल्ल्याला यंदा साताऱ्याकडचा, कोयनेच्या रानातला वासोटा घेणार असाल तर अर्ध्याहून जास्त काम झाडांचं आहे, हे आधीच धरून चाला. प्रतापगड नाहीतर अजिंक्यतारा करताना तटबंदी, बुरूज, दरवाजा नीट जमले की किल्ला ओळखू येतो, झाडं चार कमी पडली तरी कुणी विचारत नाही. वासोट्याचं तसं नाही. बामणोलीतनं बोटीनं शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी, ओलांडून जे जाऊन आलेत त्यांना विचारा काय आठवतंय, आधी जंगल सांगतील, मग बाबूकडा, म्हणजे गडाचा तो उभा कातळकडा, मग समोरचा जुना वासोट्याचा डोंगर, आणि वरची पडकी जोती सगळ्यात शेवटी. महाराजांनी ह्याचं नाव व्याघ्रगड ठेवलं, त्या नावाला शोभेल असं रान खाली दिसायला नको का? बाजारातली प्लॅस्टिकची झाडं आणून ते होत नाही, सगळी एकाच साच्यातली, सगळी पोपटी, आणि शंभर घ्यायची म्हटली तर खर्च कुठल्या कुठे जातो. घरात जे पडलंय त्यातनंच करायची. फक्त दसऱ्याला सुरुवात करा. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवस मिळतात, त्यातले निम्मे नुसते वाळवण्यात जातात, आणि परतीचा पाऊस लांबला तर तेही पुरत नाहीत.

फेविकॉल, ब्रश, कात्री, जुने पेपर हे सांगत बसत नाही.

आता चोथा. चहाचा चोथा हा ह्या कामातला सगळ्यात उपयोगी माल, फुकटचा, रंग आयता मातकट तपकिरी, खोडाची साल त्यानं होते, झाडाखालचा पालापाचोळा त्यानं होतो, पानांच्या खालची काळपट सावली त्यानं होते. म्हणून आजपासून साठवायला लागा. पण तो धुऊन. मोबाइलवरचे बाहेरदेशातले व्हिडिओ बघून लोक चोथा नुसता पेपरवर पसरून वाळवतात आणि लगेच वापरतात. त्यांचं चालतं, कारण त्यांच्या चोथ्यात नुसती पत्ती असते. आपला चहा दूध-साखर घालून एकत्र उकळलेला असतो, म्हणजे चोथ्याच्या प्रत्येक कणात दूध आणि साखर मुरलेली. तो वरनं वाळल्यासारखा दिसतो, हाताला बरा लागतो, आणि खाली ओली माती, वरनं पाणी घातलेला फेविकॉल असं मिळालं की त्याला बुरशी धरते. मागच्या दिवाळीत आमच्या आळीच्या किल्ल्यावर हेच झालं, वसुबारसेला मांडलेलं जंगल लक्ष्मीपूजनापर्यंत पांढरं पडलं आणि लाल मुंग्यांची रांग थेट दरवाज्यापर्यंत आली. पोरांनी इतके दिवस खपून केलेली झाडं उपटून टाकावी लागली. तेव्हा चोथा धुवायचा, ह्यात दुसरा विचार नाही.

कसा धुवायचा तेही सांगतो, कारण नुसतं नळाखाली धरलं की झालं असं नाही. रोजचा चोथा रोजच गाळणीत चोळून धुवून काढा, ओट्यावर वाटीत तसाच साठवलात तर दुसऱ्याच दिवशी आंबूस वास मारतो आणि मग तो फेकायच्याच लायकीचा. आल्याचे तुकडे, गवती चहाच्या काड्या, वेलदोड्याची सालं तेव्हाच वेचून टाका. पुरेसा जमला की मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात एकदा चांगला उकळा, गाळा, परत दोन-तीन पाण्यातनं काढा. पाण्याला चहाचा तांबूस रंग येतच राहणार, त्याचं काही नाही, बघायचं ते पाणी गढूळ पांढरट येतंय का आणि चोथा चिमटीत दाबला की बोटं चिकटतायत का. चिकटली तर साखर आहे अजून, परत धुवा. मग पेपरवर पातळ पसरून कडक उन्हात, मधनं मधनं हात फिरवत. ऊन नसलं तर जुन्या तव्यावर अगदी मंद आचेवर, सतत हलवत, लक्ष दुसरीकडं गेलं की करपतो. मुठीत घेऊन सोडला की गोळा न होता सुटा पडला पाहिजे. नंतर काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून दोन दिवस ठेवा. झाकणाला आतनं दव धरलं तर वाळलेला नाही, परत उन्हात टाका. ही बरणीची परीक्षा अजिबात चुकवू नका. घरात बाकीच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी चांगल्या मनानं आजचा ओला चोथा त्याच बरणीत टाकतं आणि सगळी बरणी वाया जाते.

हे बरणीत पडलं की पुढचं बोलू. लाकडाचा भुसा कुठल्याही वखारीत नाहीतर सुताराकडं मिळतो, करवतीचा बारीक मागा, रंध्याचे कुरळे छिलके नकोत. पिठाच्या चाळणीनं एकदा आणि चहाच्या गाळणीनं एकदा चाळा, म्हणजे जाड आणि बारीक असे दोन माल होतात, जाड झाडाला, बारीक गवताला. रंगासाठी पोस्टर कलर चालतो पण पाणी लागलं की सुटतो, त्यापेक्षा रंगाच्या दुकानातनं स्टेनरच्या छोट्या बाटल्या आणा, हिरवा, यलो ऑक्साइड आणि काळा, भिंतीच्या रंगात मिसळतात तेच. बाटलीतला हिरवा तसाच वापरलात तर झाड प्लॅस्टिकचंच दिसणार. कोयनेच्या रानाचा हिरवा ऑक्टोबरात गडद असतो, त्यात थोडा काळा लागतो, आणि उन्हाच्या बाजूला थोडा पिवळा. म्हणून तीन छटा करा, हिरव्यात काळा घालून गडद, मधली, आणि यलो ऑक्साइड घालून फिकी. स्टेनर पाण्यात पातळ करायचा, त्यात चमचाभर फेविकॉल घालायचा म्हणजे रंग धरून राहतो, भुसा त्यात कालवायचा, पिळायचा, पेपरवर पसरायचा, अर्धवट वाळला की तळहातांत चोळून सुटा करायचा आणि मग पूर्ण वाळवायचा. हातमोजे घाला, स्टेनर नखातनं चार दिवस जात नाही आणि फराळाचे हात आहेत.

खोडासाठी दोन रस्ते. पहिला वाळलेल्या काड्यांचा, आणि त्यात वाळून मेलेल्या तुळशीच्या झुडपाला तोड नाही, फांद्या आपोआप मोठ्या झाडासारख्या फुटलेल्या असतात. पण वृंदावनातल्या जित्या तुळशीला कात्री लावू नका, पुढं तुळशीचं लग्न आहे आणि घरच्यांचं बोलणं खावं लागेल, शिवाय ओली काडी वाळताना आक्रसते आणि वरची साल सुटते. परसात, शेताच्या बांधावर रानतुळस वाळलेली मिळते, ती घ्या. दुसरा रस्ता तारेचा. जुन्या वायरचा तुकडा घ्या, म्हणजे अडगळीत पडलेला, कशाला जोडलेला नाही असा, वरचं प्लॅस्टिक सोला, आतल्या तांब्याच्या बारीक तारा वीस-पंचवीस एकत्र धरा, चार इंच लांब कापा. खालचा दीड इंच पिळला की खोड झालं, वरच्या तारांचे दोन भाग करून थोडं पिळा, त्याचे परत दोन भाग, असं टोकापर्यंत. फांद्या एकाच पातळीवर फोडू नका, खऱ्या झाडाला तसं कधी नसतं. खाली इंचभर तार मोकळी ठेवा, ती मातीत खुपसायला लागते. मग फेविकॉलचा हात देऊन बारीक चोथा दाबा, साल झाली. तो धुतलेला चोथा. बरणी संपली म्हणून ओट्यावरचा ताजा उचलू नका, तारेवर तर आतनं वाळायला जागाच नसते, सालीच्या आत ओल राहते आणि सगळ्यात आधी तिथंच बुरशी येते.

पानोळ्याला दोन गोष्टी. भांडी घासायची हिरवी घासणी जुनी झालेली, धुऊन वाळवून हातानं ताणत ताणत विरळ करा, इतकी की पलीकडचं दिसलं पाहिजे. ती फांद्यांवर अडकवा आणि वर भुसा. घोसाळ्याची वाळलेली जाळी असेल तर तीही अशीच चालते, तिचा पिवळट रंग भुश्याखाली झाकतो. दुसरी, जुन्या उशीतला नाहीतर सोफ्यातला स्पंज. त्याचे तुकडे करून पाणी घालून मिक्सरला फिरवा, कोरडा फिरवलात तर पात्याभोवती नुसता गुंडाळतो. भांडं जुनं, ज्यात परत कधी चटणी होणार नाही असं. मग पिळून, तिन्ही छटांत रंगवून, वाळवून. गॅलरीच्या भिंतीवर पावसात आलेलं शेवाळ खरवडून वाळवलं तर झुडपांना छान होतं, पण तेही पूर्ण वाळवून, आणि भिंतीवरचंच, कासच्या पठारावर किंवा अभयारण्यात जाऊन काही ओरबाडून आणायचं नाही.

ह्यानंतर हिशोब करा, कारण इथं बहुतेकांचा किल्ला फसतो. समजा डोंगर खऱ्यात पायथ्यापासून दीड हजार फूट धरला आणि तुम्ही तो तीन फूट उंच केला, तर मातीतला एक इंच म्हणजे खरे चाळीसेक फूट. चाळीस-पन्नास फुटी जांभळाचं झाड तिथं फार तर सव्वा इंचाचं. लोक चार-पाच इंची झाडं लावतात आणि डोंगर टेकाडासारखा दिसतो. ह्या मापानं मावळा मुंगीएवढा होईल, तो तर कुणी करत नाही, म्हणून बाजारातले मावळे आणि तीन इंची झाडं पुढं पायथ्याला, वर जाऊ तशी झाडं लहान करत न्या, माथ्याजवळ अर्ध्या इंचाची. डोळ्याला लांबी आपोआप वाटते.

आणि सगळी झाडं खोडासकट करायला जाऊ नका. तीन फूट बाय दोन फूट उतार म्हणजे ८६४ चौरस इंच, इंचाला एक झाड म्हटलं तर दिवाळी संपून जाईल. खरं रान बघा ना, कोयनेच्या त्या उतारावर अंजनी, जांभूळ, पिसा असलं सदाहरित झाड, शेंडे एकमेकाला भिडलेले, लांबनं खोड एक दिसत नाही, नुसते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगवटे. म्हणून आतल्या रानाला स्पंजचे हातानं तोडलेले गोळे, कात्रीनं नाही, कात्रीची कड सरळ दिसते. खालून गडद, डोक्यावर फिक्या छटेचा भुसा. गोळ्यांच्या मधल्या फटीत चोथा, धुतलेला. खोडाची झाडं फक्त कडेला, वाटेच्या दोन्ही बाजूंना आणि बोट लागते तिथल्या पाण्याच्या काठाला, साठ-सत्तर पुरतात. कड्यावर झाड नको, कातळ उघडाच ठेवा, तिथं बाबूकडा ओळखू येतो. माथ्यावर गवत, आणि ते पिवळट करा, त्या दिवसांत ते पिकायला लागलेलं असतं.

चिकटवण्याचं थोडक्यात. एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, फवारणीच्या बाटलीत. थेंब विसरू नका, त्याच्याशिवाय पाणी भुश्यावर मोत्यासारखं बसतं आणि आत जात नाही. फवारा, भुसा भुरभुरवा, परत फवारा, थर्माकोलवर खोचून वाळवा. दोन थरांमध्ये वाळू द्या. वाळलेलं झाड उलटं धरून टिचकी मारा, पडायचा तो भुसा आत्ताच पडू दे. तयार झाडं कंदी पेढ्याच्या रिकाम्या बॉक्समध्ये ठेवा, झाकण थोडं उघडं, दोन-तीन दिवसांनी हुंगून बघा. आंबूस वास आला तर चोथा नीट धुतला गेला नाही, तेवढी झाडं बाजूला काढा, किल्ल्यावर नेऊ नका, शेजारच्या झाडांनाही लागतं.

किल्ला बांधायचं तुम्हाला येतंच, दगड, विटा, गोणपाट, चिखल. झाडं सगळ्यात शेवटी, चिखल सुकून भेगा पडायला लागल्या की त्या भेगांतच तारा खुपसा. अळीव पेरणार असाल तर पायथ्याला पाण्याच्या कडेनंच, कारण त्याला रोज पाणी मारावं लागतं आणि वरचं रान भिजलं की केलेलं सगळं गेलं. शिवसागराला निळा पेपर नको, गडद हिरवट रंगावर काच ठेवा.

पणत्या रानापासून हातभर लांब. स्पंज भस्सकन पेटतो, भुसाही, आणि स्पंजचा धूर विषारी असतो, पोरं वाकून बघत असतात तिथं. रानात उजेड पाहिजेच असेल तर एलईडीची माळ गोळ्यांच्या खालनं फिरवा. फटाके दुसऱ्या अंगणात. रात्री दव पडतं, झोपायच्या आधी वरनं प्लॅस्टिक टाका पण झाडांना चिकटू देऊ नका, चार कोपऱ्यांना काठ्या लावा, आणि सकाळी ऊन आलं की लगेच काढा.