जास्त दाबलं की जास्त बरं वाटतं? मसाजचा माझा अनुभव

मान आणि उजवा खांदा जुळतात तिथे सुपारीएवढी गाठ. दिवसभर माऊस धरल्याचं फळ. जितकं दुखेल तितका गुण, या समजुतीने आधी डीप टिश्यू मसाज (स्नायूंच्या खोल थरांपर्यंत जोराने दाबणारा) करून घेतला. ओरडायचं नाही म्हणून दात आवळून पडलो. दोन दिवस कंगवा धरता येईना.

मग स्वीडिश. तेल लावून लांब, संथ हात. (नाव स्वीडिश, पण त्या हालचालींची नावं रूढ करण्याचं श्रेय डच डॉक्टर मेझगर यांना देतात!) झोप झकास लागली, गाठ जागच्या जागी. थाई प्रकारात अंगावर कपडे, तेल नाही, चटईवर ताणाताणी. पाठ सुटली, एवढंच.

शेवटी एका थेरपिस्टने आधी विचारलं, "दुखतं नेमकं कुठे?" गाठीवर अंगठा टेकवला आणि कळ थेट कानशिलात. ट्रिगर पॉइंट, म्हणजे स्नायूतली अशी जागा की दाबली तर कळ दुसरीकडेही जाते! "दहापैकी किती दुखतंय?" मी सहा म्हटलं की दाब आणखी न वाढवता तेवढाच धरून ठेवायचा, कळ ओसरेपर्यंत. तीन बैठकींत गाठ मऊ पडली.

ताप असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा पाय सुजून दुखत असेल, तर आधी डॉक्टर. माऊसही आता कोपराजवळ आणलाय.